तीस वर्षांचा शोध

दलाल म्हणाला, रविवारी अकराला या, उजेड छान असतो.
आम्ही मंगळवारी रात्री साडेनऊला गेलो,
न सांगता.
घर बघायचं ते घर बेसावध असताना,
असं दामूअण्णांचं म्हणणं.
आणि वॉचमनला विचारायचं, दलालाला नाही:
पाणी किती वाजता येतं,
आणि किती वाजता येतं म्हणून सांगतात.

कन्नमवार नगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
अण्णा निवृत्त प्लंबर. आत शिरताच
त्यांनी सगळे नळ एकदम सोडले,
मग नव्या रंगाच्या भिंतीला तळहात लावून
ताप बघावा तसे उभे राहिले.
"ही पावसात रडते," म्हणाले, "पण मोठ्यानं नाही.
दोन लाख कमी करा."
मालक चुरी हसले. एक लाख कमी केले.

टेपचं एक टोक हेमाकडे, दुसरं माझ्याकडे.
कागदावर चारशे दहा, टेपमध्ये तीनशे बासष्ट.
उरलेले अठ्ठेचाळीस चौरस फूट
जिन्यात आहेत, दलाल म्हणाला,
थोडे गच्चीत.
आईचं शिवणयंत्र जिन्यात कसं बसणार?
ते आम्ही मनातल्या मनात खिडकीशी ठेवून पाहिलं,
पायडलला पाय पोचेल इतकी जागा सोडून.

मग कागद.
सोसायटीचं ना हरकत पत्र, शेअर सर्टिफिकेट,
भोगवट्याचा दाखला, ज्याची झेरॉक्स सगळ्यांकडे
आणि मूळ प्रत कुणाकडेच नाही.
फणसे वकीलबाईंनी तीस वर्षं मागे जाऊन शोध घेतला.
अकरा पानं.
मी ती जेवताना वाचली, ताटाशेजारी ठेवून,
एखाद्या घराण्याची वही वाचावी तशी.
त्र्याण्णवला सोनू राणीम यांनी विकलं रोझी परेरांना,
त्यांनी चौऱ्याण्णवला गहाण ठेवलं,
सत्त्याण्णवला सोडवलं.
मधली तीन वर्षं कुठल्याच रकान्यात नाहीत.
टायटल स्वच्छ आहे, फणसेबाई म्हणाल्या.
मी म्हटलं, हो.
किती घासलं असेल कुणी, हे विचारलं नाही.

बँकेत संगणकानं विचारलं: सहअर्जदाराशी नातं?
पती. वडील. मुलगा.
यादी खाली सरकवली, आई निघाली.
बहीण नव्हती.
समोरचा पोरगा ओशाळला. "इतर टाकू का, मॅडम?"
टाका, हेमा म्हणाली,
पंचवीस वर्षं एका गोधडीत
इतरच झोपतोय आम्ही.

मुद्रांक शुल्कात मात्र एक टक्का माफ,
घेणाऱ्या दोघीही बायका म्हणून.
बाई असण्याची सूट
जन्मात पहिल्यांदा मिळाली, पावतीसकट.
त्या आनंदात आम्ही दोन फालुदे प्यायलो
आणि सुटीतले दीडशे रुपये उडवले.

निबंधकाच्या कचेरीत टोकन चौऱ्याऐंशी.
हेमाचा अंगठा लगेच उमटला. माझा यंत्र घेईना.
एकोणीस वर्षं लॅबमध्ये काचनळ्या धुतल्यात,
रेषा कधी गेल्या कळलंही नाही.
पुसा, कारकून म्हणाला. पदराला पुसा. जोरात दाबा.
मागे रांग चुळबुळायला लागली.
चौथ्या वेळी चुरी खुर्चीतून उठले,
हळूच म्हणाले, "कपाळावर घासा अंगठा.
कपाळाच्या तेलानं रेषा उठतात.
आमच्या हिचंही असंच व्हायचं."
घासला.
हिरवा दिवा लागला.
ह्या कुठल्या सहीची नोंद अकरा पानांत नव्हती:
त्या मोरीत किती वर्षं, किती भांडी,
कुणाचे अंगठे.

किल्ल्या तीन मिळाल्या.
दोन दाराच्या.
तिसरी कशालाच लागत नाही,
कपाटाला नाही, मीटरच्या पेटीला नाही,
गच्चीच्या कुलपालाही लावून पाहिली.
चुरींना फोन केला.
ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले,
"आम्हालाही परेराबाईंनी अशीच दिली होती.
राहू द्या."