दम

बितुंगमध्ये मी लग्नांचे फोटो काढतो.
काकांच्या जुन्या कॅमेऱ्यावर शिकलो:
बटण दाबण्याआधी दम धरायचा.
छातीतली हवा थांबली की हात थांबतो,
हात थांबला की नवरीच्या पापणीवरचा थेंबसुद्धा थांबतो.
अकरा वर्षं दर शनिवारी असाच श्वास अडवून जगलो.

मग एका लग्नात डच पाहुण्याने फोनवर दाखवला
समोरच्याच सामुद्रधुनीतला एक मासा,
केसाळ, ढब्बू, तोंड वाकडं केलेला,
माझ्या घरापासून बोटीने वीस मिनिटांवर राहणारा.
शेजारी, आणि मी त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं.

मेइस्के रुमेंगान म्हणाली, कॅमेरा घरी ठेव.
हातात दिला टूनाचा रिकामा डबा,
काळ्या वाळूने भरलेला, झाकणाला चिकटपट्टी.
चाळीस बुड्या याच्यानेच फोटो काढ.
बोटीवरची पोरं हसली. मीही हसलो.
पाण्यात शिरल्यावर ते हसू तोंडातल्या रबरात अडकलं.

पहिल्या दिवशी मास्कमध्ये पाणी, नाकात पाणी,
कानांत कुणी अंगठे रोवल्यासारखं.
दुसऱ्या दिवशी पट्ट्यातलं शिसं जास्त झालं,
तळाशी बसलो, पाट्यावर वरवंटा बसावा तसा.
तिसऱ्या दिवशी पायातले पंख एकदाच चुकीचे हलले
आणि अख्खा तळ उठून उभा राहिला,
ज्वालामुखीची जुनी राख, माझ्या चेहऱ्याभोवती.
मेइस्केने पाटीवर लिहिलं: आता काढ फोटो.
फ्लॅश पडला असता तर आलं असतं नुसतं बर्फ,
जे मी जन्मात पाहिलेलं नाही.

पण खरी खोड वेगळीच होती.
डबा डोळ्यांसमोर आला की मी दम धरायचो
आणि फुग्यासारखा वर निघायचो.
ती पंख धरून खाली ओढायची.
बोटीवर रोज तेच: पाण्याखाली श्वास थांबवायचा नाही, कधीच.
म्हटलं, मग फोटो हलेल.
म्हणाली, हलू दे.

धक्क्यावर तिचा भाऊ आल्फ्रित्स टाक्या भरायचा.
तरुणपणी कॉम्प्रेसरच्या नळीवर श्वास घेत
खोलातले मासे आणायचा.
एकदा घाईने वर आलो, एवढंच सांगायचा,
आणि स्वतःच्या पायांकडे बघायचा
दुसऱ्या कुणाचे असावेत तसा.
मग काठी टेकून झडप फिरवायचा. हवा शिट्टी घालत आत जायची.
त्याने भरलेली ती हवा मी खाली पुरवून पुरवून वापरायचो,
महिनाअखेरच्या पगारासारखी.

तेविसाव्या बुडीला, नारळाच्या दोन करवंट्यांत
दारं ओढून बसलेला एक ऑक्टोपस.
डबा समोर धरला.
श्वास आत: वीतभर वर.
श्वास बाहेर: वीतभर खाली.
आणि बाहेर सोडण्याच्या अगदी शेवटी एक जागा लागली
जिथे मी काहीच अडवलेलं नव्हतं
आणि तरी सगळं थांबलेलं होतं.
फटीत एक डोळा, आडवी बाहुली.
तो मला बघत होता की डब्याला, कुणास ठाऊक.
वाळूचा एक कण उडाला नाही.
मेइस्के मागे होती. तिने पाटी काढली नाही.

त्याचा फोटो माझ्याकडे नाही.
नंतरचे आहेत, खऱ्या कॅमेऱ्याचे:
शेपट्या, अर्धे डोळे, बरंचसं निळं काहीच नाही.

परवा गिरियानच्या चर्चमध्ये नवरी अचानक हसली,
मी श्वास सोडता सोडता बटण दाबलं.
फोटो किंचित हललाय.
काका म्हणाले, हात कापायला लागला तुझा.
म्हटलं, नाही, दम घेत होतो.

डबा परत दिलाय. नवा मुलगा आलाय,
पंख घालूनच बोटीवर चालतो आणि आपटतो,
पहिल्याच दिवशी विचारतो, कॅमेरा कधी?
मी म्हटलं, दम धर.
मेइस्केने डोळे वटारले.
धीर, म्हटलं. धीर धर.