ग्लास केवढा?

प्रश्न अकरावा, आठवडाभर रोज तोच :
काल किती ग्लास पाणी प्यायलं?
पर्याय चार, चौकोन चार, पेन्सिल माझी.

तिमोतेय सांगतो, एकही नाही.
पाण्याला चवच नसते म्हणे.
त्याच्या बाटलीत रास्पबेरीचं सरबत, बाटलीवर अस्वल,
अस्वलाच्या टोपीतून नळी.
आईनं वहीत चिठ्ठी खोचलीय :
याला नळाचं पाणी देऊ नये, पाइप जुने आहेत.
आहेत खरे. मी याच शाळेत होते,
त्याच पाइपांवर वाढले.

तामारा दोन्ही हातांची बोटं मोजते,
मग एक मिटते. नऊ.
आजोबांच्या विहिरीचं, दात शिवशिवतील असं गार.
विहिरीला कुलूप आहे का, मी विचारत नाही.
अकराव्या प्रश्नात ते नाही.

झानेता ओढ्यापलीकडच्या रोमा वस्तीतली.
ती मलाच विचारते : ग्लास केवढा?
मी हातानं दाखवते, एवढा.
ती मान हलवते. आमच्याकडे पत्र्याचा मग आहे,
आधी धाकटा पितो, मग मी.
कुत्र्याचं भांडं वेगळं.
हे शेवटचं ती ठासून सांगते.
आधी कुणीतरी काहीतरी बोललेलं असणार.

बरं, आणि शाळेत?
शाळेत नळ.
पहिल्या घंटेआधी, दुसऱ्या घंटेनंतर,
गणिताच्या तासाला हात वर करून एकदा,
जेवणानंतर पोट डुचमळेपर्यंत.
तूच मोज, म्हणते.
मी मोजते. चौदा.
चौदाला चौकोन नाही.
‘आठपेक्षा जास्त’वर खूण करते.

व्हरांड्यात नळ दोन आहेत.
पाटी कुठेही नाही, नियम कुणी केलेला नाही.
पण खिडकीकडचा तेवढा चकचकीत,
आणि जिन्याखालच्यापुढे
फरशी झिजून खळगा पडलाय.
आठ वर्षं मी कुठल्या नळावर प्यायचे
ते आठवायला मला वेळ लागला नाही.

आलेख काढला.
वस्तीतली मुलं गावातल्या मुलांच्या
दुप्पट पाणी पितात, असं निघालं.
प्रेशोव्हच्या कार्यालयातून मारोशचा फोन. खूश होता :
बघ, उगाच ओरड करतात लोक.

सोमवारचा डोंगर, मंगळवारचा डोंगर,
शुक्रवारचा सगळ्यांत उंच.
शनिवार-रविवारचे रकाने त्यानं पाहिलेच नव्हते.
तिथं वस्ती सपाट.
पंप एकच. चिप टेकवली की पाणी पडतं,
चिप आत्याच्या गळ्यात, आत्या कामावर,
आणि जानेवारीत पंपाचाच घसा धरतो.

पुढच्या शुक्रवारी शेवटच्या घंटेला मुद्दाम थांबले.
जिन्याखाली झानेता. दप्तर उघडं,
वह्या काखेत मारलेल्या,
दप्तरात तीन बाटल्या, एकीवर अस्वल,
टोपीची नळी गायब,
तिथं प्लास्टिकचा तुकडा रबरानं आवळलेला.
तिचे दोन्ही हात अडकलेले,
आणि तो नळ असा, की कळ सोडली की पाणी बंद.

तिमोतेय कळ दाबून उभा होता.
एका पायावर, कंटाळलेला,
अंगठा पांढरा पडलेला.
आटप, म्हणत होता, बस जाईल.

त्याची बस.
ती चालत जाते, पाऊण तास, सगळा चढ.