उपयोग अज्ञात

नोंदवहीत ती दोनशे सतरावी.
माझ्या आधीच्या कारकुनाचं वळणदार अक्षर :
'लाकडी नळी. भोकं सहा, पितळी खटके तीन.
एरंडोलहून आली. उपयोग अज्ञात.'
खाली वेगळ्या शाईत कुणीतरी :
'हुक्का?'

मग पुण्याहून एक तज्ज्ञ आले,
पांढरे हातमोजे घालून
त्यांनी तिला तान्ह्या बाळासारखी उचलली.
म्हणाले, ओबो आहे ही.
तीनशे वर्षांची तरी असेल,
कुठल्या तरी राजाच्या दिवाणखान्यात वाजलेली.
जिभली हरवलीय.
फुंकू नका चुकूनही,
श्वासाच्या ओलीनं लाकूड फुटतं.
मी मान डोलावली.
धुळ्यात, एप्रिलात,
ओलीची भीती घालणारा माणूस
मी पहिल्यांदाच पाहिला.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला.
पांझरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती,
दुपारी वीज गेली,
पंखा गरगरत गरगरत थांबला,
आणि त्या शांततेत
काचेच्या पेटीतून आवाज आला :
टक्.

बारा वर्षांच्या नोकरीत
तिचा मी ऐकलेला एवढाच सूर.

टॉर्च लावून पाहिलं.
वरच्या सांध्याला चीर,
केसाएवढी, दोन इंच.
वरिष्ठांना पत्र लिहिलं. उत्तर आलं :
पत्र मिळाले.

सुपडू गुरव आला तो वीजबिल भरायला,
शेजारच्या कचेरीतली रांग टाळून
आमच्या फरशीवर गारव्याला बसला.
लग्नसराई संपत आलेली,
गाल अजून सुजलेले.
बसल्या बसल्या त्याची नजर पेटीवर गेली.
उठला. काचेला नाक लावलं.
'हाई कोनी शे व ताई?'
मी सांगितलं, राजा, युरोप, तीनशे वर्षं.
त्यानं त्यातलं काहीच घेतलं नाही.
'आन् खाले हाऊ खटका दोनदा कशाले?
एक डावीकडे, एक उजवीकडे?'

हे मला ठाऊक होतं, तज्ज्ञांनी सांगितलेलं.
घडवणाऱ्याला माहीत नसायचं
वाजवणारा कुठला हात खाली धरेल,
म्हणून त्यानं दोन्हींकडे सोय करून ठेवली.

सुपडू बराच वेळ बोलला नाही.
मग डावा हात पुढं केला,
बोटांची पेरं दाखवली,
एक पेर वाकडं.
'बापनी वेताच्या छडीनं मोडेल शे.
म्हने, देवापुढं डावा हात खाली धरस का?'
तेव्हा तो आठ वर्षांचा होता.
उजव्यानं शिकला.
चाळीस वर्षं उजव्यानंच वाजवतोय.

त्यानं काचेवर बोटं टेकली,
डावा हात खाली.
वाकड्या पेराचं बोट
नेमकं त्या डाव्या खटक्यावर.
बोटं उघडत मिटत राहिली,
बाहेर ट्रॅक्टर गेला,
रांगेतून कुणी 'सुपडूऽऽ' हाक मारली.

जाताना म्हणाला,
'तहान लागनी शे तिले. तेल पाज.'
दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन आला,
तिळाचं घाण्यावरचं तेल, आणि एक पारव्याचं पीस.
'आतून. थोडंसंच. आमनी सनईबी उन्हायामा अशीच तडकस.'

नियमात बसत नाही.
सोमवारी संग्रहालय बंद असतं,
मी दार आतून लावून घेतलं.
पीस आत सरकवलं तेव्हा
लाकडाचा रंग गडद होत गेला,
भाकरीवर तेल पसरावं तसा.

पावसाळ्यानंतर तज्ज्ञ परत आले,
भिंगातून पाहत राहिले.
चीर वाढली नाही, म्हणाले, आश्चर्य आहे.
काय करता तुम्ही?
लक्ष ठेवतो, म्हटलं.
त्यांनी वास घेतल्यासारखं केलं,
मग काही विचारलं नाही.

नोंदवही काढली परवा.
'उपयोग अज्ञात' वर रेघ ओढायची होती.
पुढे काय लिहावं ते सुचेना.
'डावखुऱ्यांसाठीही' असं पेन्सिलीनं लिहिलं
आणि खोडायचं राहून गेलं.

काचेवरचे ठसे मात्र
मी अजून पुसलेले नाहीत.
नवा शिपाई रोज विचारतो,
ताई, हे घाण झालंय,
फडकं मारू का?