कमरेएवढं पाणी

सुदाम खंडारेनं सतरा वर्षं देवळाची घंटा वाजवली
बाप्तिस्मा न घेता.
मंडळीच्या वहीत त्याचं नाव नव्हतं.
दोरीच्या गाठीला मात्र
त्याच्या तळहाताचा काळा, तेलकट रंग होता.

मी विचारायचो, सुदामदादा, कधी?
"पोरीचं नर्सिंग होऊ द्या ना साहेब,
दाखल्यावरची जात गेली का फी कोन भरनार?"
त्याला सगळं कळत होतं :
तारण फुकट असतं,
कॉलेज नसतं.

मार्चात वनमाला पास झाली.
हा दारव्ह्याहून पांढरा सदरा घेऊन आला,
घडीच्या टाचण्याही न काढलेला.
म्हणाला, आता द्या.

आणि मी म्हणालो,
अडाणला पाणी येऊ दे.

देवळामागचा हौद तडकलेला,
त्यात लग्नाच्या खुर्च्या, एक मोडकी पेटी.
टँकर गुरुवारी, घरटी चार गुंड.
नदीत नुसते झिरे,
बाईचा हात जाईल कोपरापर्यंत,
माणूस कसा जाणार?
मला कमरेएवढं पाणी हवं होतं.
तीन वर्षं शिकून आलो होतो मी
की मुळात त्या शब्दाचा अर्थच बुडवणं,
शिंपडतात तो अंगणातला सडा.

वडील गुलाबराव अंभोरे उंबऱ्यातच अडले.
"पाळकसाहेब, माह्या आज्याले
गोऱ्या साहेबानं चहाच्या कपातून तीन थेंब देल्ले,
दुष्काळ होता.
मंग आजा काय नरकात गेला?"
मी वचनं काढली. त्यांनीही काढली.
चष्मा पुसून म्हणाले,
"अन् खांबावरचा तो चोर?
त्याले कोन्या नदीवर नेलं होतं?"
त्याच्याकडे वेळच नव्हता, मी म्हणालो,
सुदामदादाकडे आहे.

सुदामदादा हौदाच्या काठाशी
खुर्च्या मोजत होता.
एकोणीस, म्हणाला, एक कमी हाये.

मेच्या तिसऱ्या शनिवारी त्याला ऊन लागलं.
घंटेखालीच पडला.
वनमालानं डोकं मांडीवर घेतलं,
ओलं फडकं कपाळावर ठेवलं, काढलं, ठेवलं.
त्यानं डोळे उघडले. माझ्याकडेच पाहिलं.
म्हणाला, पानी.

मी ग्लास त्याच्या ओठांना लावला.

दोन घोट गेले, बाकीचं हनुवटीवरून
गळ्यात, छातीवर.
ग्लासात अर्धं उरलं होतं.
ते हातात धरून मी उभा राहिलो,
किती वेळ, माहीत नाही.
तेव्हाही मला वाटत होतं
त्याला तहान लागली होती.

संध्याकाळी कमिटी बसली.
कंपाउंडच्या आत की भिंतीबाहेर?
वहीत नाव नाही, एकजण म्हणाला.
नियम आपनच केला, दुसरा.
गुलाबराव काहीच बोलले नाहीत,
उठले, फावडं घेतलं
आणि आपल्या बापाच्या शेजारी खणायला लागले.
त्र्याहत्तर वर्षांचा माणूस.
मग कोणी काय बोलणार.

वनमालानं सदऱ्याच्या टाचण्या काढल्या.
सहा होत्या.
मोजून माझ्या हातावर ठेवल्या,
कुणाचं उसनं परत करावं तशा.

वहीत मी नाव लिहिलं.
बाप्तिस्म्याच्या तारखेचा रकाना
तसाच आहे.
खोटं लिहिता येत नाही,
आणि खरं काय ते मला ठाऊक नाही.

जुलैत अडाण आली.
मी एकटाच उतरलो, पँट वर न करता.
कमरेएवढं होतं,
गढूळ, गार, ओढ असलेलं.

माझी शिकवण बदललेली नाही.
बुडवतोच मी अजून,
यंदा चौघांना बुडवलं,
वर आले तेव्हा नाकातोंडात पाणी,
हसत होते.

फक्त वेदीपाशी आता
एक गुंड भरून ठेवतो, वर ग्लास उपडा.
कुणी विचारलंच
तर सांगतो, प्यायला आहे.