वरचं पाणी, खालचं पाणी

मासेमारीच्या आमिषांच्या दुकानाला लागून
अर्लीन व्हेरेटचं ऑफिस. लुइझियानाच्या अगदी तळाशी,
जिथे रस्ता संपतो आणि नकाशा नुसता निळा होत जातो.
भिंतीवर पेन्सिलची रेघ, माझ्या बरगड्यांइतकी उंच,
शेजारी एक तारीख.
रंग दिला तेव्हा तिनं रेघेच्या भोवतीनं दिला.

आन्सेल नि मी घर घेतोय. बारा खांबांवरचं, पिवळं,
मागे कालवा. कोळंबीच्या होड्या जातात
तेव्हा खिडक्या थरथरतात.
बँक म्हणते, विम्याशिवाय किल्ली नाही.
मी म्हटलं, मग द्या एक विमा.
"एक?" म्हणाली अर्लीन, नि चष्मा काढून ठेवला.

"वरून पडतं ते पाणी या कागदात.
खालून चढतं ते या कागदात नाही.
पाणी तेच गं. कागद वेगळा."

मग वाऱ्याचं. वाऱ्याला नाव नसेल
तर पहिले दोन हजार तुमच्या खिशातले.
वादळाला नाव ठेवलेलं असेल
तर घराच्या किमतीचे शेकडा पाच.
आन्सेलनं डिझेलच्या बोटांवर हिशेब केला.
"म्हणजे बारसं झालं की महाग."

छप्पर अकरा वर्षांचं.
नवं घालायला लागेल तेवढं हवं,
की झीज वजा जाता उरेल तेवढं?
(झीज वजा जाता. माझे गुडघे, त्याची पाठ,
मी मनातल्या मनात वजा करत गेले.)
शेजाऱ्याचं पोर आपल्या धक्क्यावरून घसरलं, तर तेही यात.
घर दुरुस्त होईतो मोटेलचं भाडं, तेही.
"आणि फोटो काढा. कपाटं उघडून काढा.
वादळानंतर कुणालाच आठवत नाही
आपल्याकडे चमचे किती होते."

माझ्या आईकडे एकच कागद होता.
वादळानंतर सिमेंटचा चौथरा राहिला नि तीन पायऱ्या.
एक माणूस आला, टापटीप बूट, म्हणाला, पाण्यानं नेलं.
पाण्याचं या कागदात नाही.
दुसरा आला, म्हणाला, वाऱ्यानंही असेल, सांगता येत नाही.
दोघांनी तिलाच विचारलं: आधी कोण आलं?
ती त्या रात्री साठ मैलांवर
शाळेच्या जिममध्ये खाटेवर होती.
पुढची दोन वर्षं भांडी घासताना मध्येच थांबायची.
"वाराच गं. पत्रा सायप्रसच्या शेंड्याला होता ना?
तिथवर पाणी कसं जाईल?"
नळ तसाच वाहत राहायचा.

हे मी अर्लीनला सांगितलं नाही.
तिनं दुसरा कागद माझ्यापुढे सरकवला.
"कर्जाच्या सहीबरोबर घेतलंस तर त्याच दिवसापासून.
मागाहून, आभाळ बघून आठवलं, तर तीस दिवस थांबायचं.
आभाळ थांबतं का, तू बघ."

दोन्हींवर सही केली.
दोन हप्ते मिळून ट्रकच्या हप्त्याहून जास्त.
परतताना आन्सेल ट्रक फार हळू चालवत होता,
स्टिअरिंगवरून हात फिरवत.
विकायचा, असं कुणी म्हणालं नाही. ठरलं मात्र.

नव्या घरातली पहिली रात्र, गादी जमिनीवर,
पडदे खोक्यात. चमच्यांचे फोटो काढून झालेले: एकवीस.
दोन वाजता छपरावर आवाज सुरू झाला.
आन्सेल उठून बसला. अंधारात विचारलं,
"वरचं की खालचं?"
"वरचं. झोप."

तो झोपला. मी टॉर्च घेऊन बाहेर आले,
जिना उतरले, मोजत, चौदा,
आणि सगळ्यात खालच्या पायरीला हात लावला.
ओली होती.
पण वरूनच.