दारामागचा खिळा

कास्त्रोच्या धक्क्यावर एदेल्मिरा बार्रियाचा कारखाना.
आत शिरताना अंगठी काढायची,
दारामागच्या खिळ्याला अडकवायची.
हातमोजेही नकोत. "वाजू दे थंडी," ती म्हणते,
"आधी मोजा ओढला जातो, मग त्यातला हात."

करवत सुरू झाली
की पिवळा भुसा भुवयांवर बसतो.
आवाज इतका एकसुरी
की वाटतं, हिला आपली सवय झालीय.
शेवटची वीत काठीनेच ढकलत होतो,
तेवढ्यात फळी पात्याला चावली,
उलटी उसळली,
बरगडीशेजारून जाऊन भिंतीत रुतली.

एदेल्मिराने बटण दाबलं.
पातं लगेच थांबत नाही.
ते थांबेपर्यंत बोलायचं नाही, हा इथला नियम.
मग तिने विचारलं, "कुठे उभा होतास?"
"बाजूला."
"का?"
"तुम्ही रोज ओरडता म्हणून."

संध्याकाळी अंगठ्या बोटांत परततात.
एक उरते, काळी पडलेली.
लिसांद्रोची.
तो येतो अधूनमधून, शेगडीशी बसतो,
डावा हात खिशातच.
अंगठी कुणी हलवली नाही ना,
एवढं बघतो
आणि जातो.