जाणारं टोक, अडणारं टोक

उद्यमबागेत बाबांनी एकतीस वर्षं भोकं मोजली.
असं सांगितलं की लोक हसतात.
पंपाच्या बॉडीतलं भोक
केसभर वाढलं तर काय होतं
हे हसणाऱ्यांच्या शेतात पाणी चढेनासं झाल्यावरच कळतं.

त्यांच्या खिशात प्लग गेज.
पोलादाचा वीतभर तुकडा, दोन टोकं:
एक आत गेलंच पाहिजे,
दुसरं अडलंच पाहिजे.
जॉब लेथवर चढायच्या आधी
गेज टेबलावर.
"न्हाईतर काय करूलालोय ते आपल्याला तरी कसं कळणार?"

मी हे विसरले होते.
अनगोळात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
दूध सोसायट्यांच्या बिलांचा जुना प्रोग्राम
माझ्या गळ्यात पडला, तेव्हा
लिहायचं, चालवायचं, देवाचं नाव घ्यायचं
अशी माझी रीत.
एक दुरुस्त केलं की तिसरंच मोडायचं.

शिवलिंगने खुर्ची ओढली.
"मोदलु टेस्ट बरी."
कन्नडात बरी म्हणजे लिही.
मराठीत बरी म्हणजे काय ते
मला पुढे आठवड्याभरानं पटलं.

शून्य लिटर दूध, शून्य रुपये.
ही माझी पहिली टेस्ट.
लाल.
हिशेब करणारं फंक्शन अजून जन्मलंच नव्हतं;
नसलेल्याला हाक मारली,
ते नाही एवढं कळलं.
मग एकच ओळ लिहिली: शून्य परत दे.
हिरवं.
"ही तर लबाडी झाली."
"झाली की," तो म्हणाला, "आता दुसरी टेस्ट लिही,
बघू किती टिकते."
एक लिटर, सहा फॅट.
टिकली नाही.

संध्याकाळी तिसऱ्या गेटवर
मालगाडी जाईस्तोवर स्कूटर बंद करून
मी हिरव्या ओळी मनात मोजत होते. बावीस.
घरी बाबांनी भाकरी मोडता मोडता विचारलं,
"आणि अडणारं टोक?"

दुसऱ्या दिवशी मुद्दाम
गुणाकाराच्या जागी बेरीज ठेवली.
एकवीस ओळी लाल झाल्या.
एक हिरवीच राहिली, हसतमुख,
काहीही न तपासणारी.
झिजलेला गेज असाच असतो,
सगळ्यांना पास करतो,
शॉपमध्ये सगळ्यांचा लाडका.
ती ओळ मी पुसली. थोडी लाजही वाटली.

मग जांबोटीहून लगमव्वा आली,
बसची धूळ पदराने झटकत,
नातवाच्या वहीची मागची पानं घेऊन.
तीन लिटर आठशे. साडेसहा फॅट.
दर सेहेचाळीस रुपये तीस पैसे.
पावती कन्नडात, वही मराठीत,
आकडे दोन्हीकडे वेगळे.
"एकशे पंच्याहत्तर देतंय तुमचं मशीन.
चौऱ्याण्णव पैसे कुठं जातात रोज?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं.
जुन्या प्रोग्राममध्ये कुणीतरी
पैसे कापून टाकले होते,
वाईट मनानं नव्हे, घाईत.
शिवलिंग कोड उघडायला लागला.
मी त्याचा हात धरला. मोदलु.

तिची वही समोर ठेवून टेस्ट लिहिली,
तिच्याच आकड्यांची, तिच्याच नावाची.
लाल झाली. म्हणजे म्हातारी खरं बोलत होती.
मग दुरुस्ती: दीड ओळ.

चहा प्यायला ती थांबली नाही.
अडीचची बस होती, म्हशी होत्या.

आता रोज रात्री, कुणी काही बदललं की
तेवीस प्रश्न रांगेत उभे राहतात
आणि शेवटून दुसरी लगमव्वा,
पदर झटकत, वही उघडून,
चौऱ्याण्णव पैसे मागते.
मिळाले तर गप्प बसते.

जांबोटीतल्या लगमव्वाला
यातलं काहीच माहीत नाही.
ती वहीत लिहीतच असते.
बाबा म्हणतात, लिहू दे.
गेजलासुद्धा गेज लागतो.